आखणी कोणासाठी?



कार्तिकीचा काला झाला, वारकरी घरी परतला, की त्याच्या पायांना काही दिवस चैन पडत नाही. आषाढी अजून लांब असते. आपल्या नागपूरकडे तर हेच दिवस चालण्याचे. वैशाख-ज्येष्ठात इथले ऊन असे तापते की दुपारी उंबरा ओलांडवत नाही. श्रावण-भाद्रपदात काळी माती पायाला गोळ्यागोळ्यांनी चिकटते. सकाळच्या गारव्यात निघावे आणि दिवसभर चालावे, असा काळ मार्गशीर्ष ते माघ एवढाच. म्हणून आमच्या ओळखीची भजनी मंडळी या दिवसांत एखाद्या दिवसाची पायी फेरी काढतात. कोणी रामटेक-नगरधनला जाते, कोणी मनसरला, कोणी धापेवाड्याच्या विठोबाला आणि तिथून अदाशाच्या गणपतीला. जुनी स्थाने पाहावीत, वाटेने हरिपाठ म्हणावा, झाडाखाली शिदोरी सोडावी आणि दिवेलागणीला परत यावे, एवढाच हेतू.

पण फेरी ठरवायला चार जण बसले, की एक वाद हमखास निघतो. एक जण म्हणतो, "एवढी आखणी कशाला? माउली नेईल तसे जाऊ. सगळे आपणच ठरवायचे तर देवाने काय करायचे?" दुसरा वहीत मिनिटांचा हिशेब मांडून बसलेला असतो: किती वाजता किल्ला, किती वाजता मंदिर, किती वाजता एसटी. पहिल्याला दुसरा अहंकारी वाटतो, दुसऱ्याला पहिला बेजबाबदार वाटतो. दोघेही माळकरी, दोघांचाही भाव खरा. मग प्रश्न उरतो तो असा: आपल्या चालण्याची आखणी करणे म्हणजे देवावरचा भरवसा कमी होणे आहे काय?

उत्तरासाठी लांब जायला नको. आपली वारीच पाहावी. वारीइतकी बारकाईने आखलेली वाट क्वचितच कुठे असेल. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. साताऱ्याजवळच्या आरफळचे हे सत्पुरुष आधी ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी तळ कसा पडतो, कसा उठतो, हे त्यांनी पाहिलेले होते, आणि ती शिस्त त्यांनी माउलींच्या चरणी वाहिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला नंबर. विसावा कुठे, मुक्काम कुठे, रिंगण कुठे, सारे ठरलेले. हैबतबाबांनी ही आखणी केली म्हणून त्यांची भक्ती उणी ठरली नाही. उलट आळंदीच्या महाद्वाराची पहिली पायरी त्यांच्या नावाची आहे, आणि आपण तिला हात लावूनच आत जातो.

तेव्हा आखणी आणि भरवसा यांत वैर नाही, हे पहिल्याच पावलाला कळते. खरा प्रश्न पुढे आहे. आखणी करायची, पण ती कोणासाठी?

हिशेब करून पाहा. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर. धडधाकट माणूस रोज पंचवीस किलोमीटर चालला तर दहा दिवसांत चंद्रभागेत उभा राहील. पालखीला मात्र अठरा-वीस दिवस लागतात. वाटेवरच्या गावांना दर्शन द्यायचे असते, कीर्तन व्हायचे असते, रिंगण व्हायचे असते, ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण त्या चालीतच आहे. सोहळा धडधाकट माणसाच्या पायाने मोजलेला नाही. साठीची बाई डोक्यावर तुळस घेऊन चालू शकेल, अशा बेताने तो मोजला आहे. तरण्या पोराला वारीत कधी कधी कंटाळल्यासारखे होते, कारण त्याचे पाय मोकळे सुटत नाहीत. तो कंटाळा म्हणजे त्याने तुळसवालीला दिलेली भेट असते. ती दिली हे त्याला फार उशिरा कळते.

मुक्कामावरची समाजआरती आठवा. सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात हजारो माणसे शांत होतात. तरीही एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर त्याचा अर्थ त्या दिंडीची काही तक्रार आहे. मग चोपदार तिच्यापाशी जातात, म्हणणे ऐकून घेतात. कोणाचे काय हरवले, काय सापडले, हे पुकारले जाते, आणि मगच आरती होते. माउलींची आरती आणि कोणाची हरवलेली पिशवी यांची गाठ एकाच वेळी घालणारी ही रीत कोणी अशीतशी घातलेली नाही. दिवसभरात मागे काय राहिले, कोण दुखावले, हे विचारल्याशिवाय दिवस देवाला अर्पण करायचा नाही, असा तिचा अर्थ मला दिसतो.

हाच अर्थ घेऊन आता आपल्या छोट्या फेरीकडे येऊ. उदाहरणाला रामटेकची घेऊ.

नागपूरच्या ईशान्येला पन्नासएक किलोमीटरवर रामगिरीची टेकडी. वनवासात प्रभू रामचंद्र इथे विसावले आणि असुरांच्या निवारणाची टेक, म्हणजे प्रतिज्ञा, त्यांनी इथे केली, अशी श्रद्धा. टेकडीच्या पायथ्याशी घाटांनी वेढलेला अंबाळा तलाव, वर रामाचे आणि लक्ष्मणाचे मंदिर, आणि त्यांच्याआधी लागणारी वाकाटकांच्या काळची नृसिंहाची मंदिरे. दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर मनसर, जिथे हिडिंबा टेकडीच्या उत्खननात विटांच्या प्रचंड वास्तू उघड्या झाल्या. एवढ्याशा मुलखात पंधराशे वर्षांहून जुना काळ उभा आहे.

आपल्याला जवळचा वाटेल असा एक धागा इथे सांगतो. या नंदिवर्धनातून प्रभावतीगुप्ता नावाच्या राणीने राज्य चालवले. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक आणि वाकाटक राजा रुद्रसेन दुसरा याची पत्नी. पती अकाली गेला, मुले लहान होती, तेव्हा ती मोठी होईपर्यंत तिने राज्य सांभाळले. ती विष्णुभक्त होती. तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. त्यातले दान कार्तिक शुद्ध द्वादशीचे आहे, म्हणजे प्रबोधिनी एकादशीच्या दुसऱ्या दिवसाचे. दुसऱ्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची आणि शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्राही सापडली. आपण कार्तिकीचे पारणे सोडतो ती द्वादशी या मातीतल्या एका आईने इतक्या मागे पाळली होती, हे कळल्यावर नगरधनची माती कपाळाला लावावीशी वाटते.

तर अशी ही तीन ठिकाणे, आणि नकाशावर ती जवळजवळ दिसतात. मोह होतो की एका दिवसात तिन्ही करावीत. सकाळी नगरधन, दुपारी रामटेक, संध्याकाळी मनसर. बेरीज तेरा-चौदा किलोमीटर, शिवाय टेकडीची चढण. तरुणाला हे सहज जमते. मार्गशीर्षात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तरी त्याला जमते.

पण एक गोष्ट वहीत दिसत नाही. वाटेत पुढे चालणारा तासाला पाच किलोमीटर चालतो, मागचा तीन. पुढचा झाडाखाली पोचतो, बसतो, पाणी पितो, पाय पसरतो. वीस-पंचवीस मिनिटांनी मागचा धापा टाकत येतो. त्याला पाहून पुढचा म्हणतो, "आले का सगळे? चला मग." आणि उठतो. पुढच्या झाडाखाली पुन्हा तेच. दिवस संपतो तेव्हा ज्याला विसाव्याची गरज नव्हती त्याला चार विसावे मिळालेले असतात, आणि ज्याला गरज होती त्याला एकही नाही. यात कोणी निर्दय नसतो. सगळे थांबलेलेच असतात. फक्त विसावा मोजायला कुठून सुरुवात करायची, हे कोणी ठरवलेले नसते. शेवटचा माणूस येऊन बसला की तिथून विसावा मोजायचा, एवढे एक वाक्य आधी ठरले तर सगळा दिवस बदलतो. दया मनात असून भागत नाही, ती वेळापत्रकात उतरावी लागते.

आमच्या मंडळात सत्तरी ओलांडलेल्या एक माय आहेत. तरुणपणी त्यांनी वाऱ्या केल्या, आता गुडघे साथ देत नाहीत. रामटेकची फेरी ठरत होती तेव्हा त्या कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मले मांगं सोडून जाऊ नका बाप्पा. पन माह्यासाठी थांबूबी नका." कोणी हसले, कोणी म्हणाले, आजी, दोन्ही कसे होईल? मला मात्र वाटते, मागे पडणाऱ्या प्रत्येक माणसाचे मन त्या दोन वाक्यांत आहे. त्याला सोबत हवी असते, पण ओझे व्हायचे नसते. वाटेत त्याच्यासाठी कोणी थांबले, तर तो थांबण्याचा भार स्वतःच्या अंगावर घेतो आणि धावायला बघतो. म्हणून थांबणे वाटेवर घडायला नको, ते आधीच आखलेले असावे. सगळ्यांसाठीच विसावा अमुक झाडाखाली अमुक वेळ आहे असे ठरले, तर मायला कोणी थांबलेले दिसत नाही. ती फक्त विसाव्याला पोचते, इतरांसारखी. तिची दोन्ही वाक्ये तिथे एकदम खरी होतात.

आता यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "मग सर्वांत कमी चालणाऱ्याएवढेच सगळ्यांनी चालायचे का? मला मनसर पाहायचे होते. वर्षातून एक रविवार मिळतो. माझी इच्छा काय पाप आहे?" पाप मुळीच नाही. पाय दिले आहेत तेही देवानेच, आणि ते पळवावेसे वाटणे हाही त्याचाच प्रसाद. त्याने मनसर सोडले तर काहीतरी खरोखरच गमावले. ते गोड शब्दांनी झाकू नये. माझे म्हणणे एवढेच, की तो मनसरला दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो, आपल्या तोलामोलाचे चार सोबती घेऊन, भल्या पहाटे. ती फेरी त्याच्या पायांनी आखावी, आणि मंडळाची फेरी मंडळाच्या पायांनी. मंडळाच्या नावाने बोलावून आपल्या पायांनी आखणे, एवढेच काय ते चूक.

याला दुसरी बाजूही आहे. मागे चालणाऱ्याचाही एक धर्म आहे. आपल्याला किती चालवते ते आखणीच्या वेळीच खरे सांगावे. लाजेने "जमेल हो" म्हणायचे आणि ऐन उन्हात बसकण मारायची, यात त्यागही नाही आणि भक्तीही नाही. आणि आखणाऱ्यानेही खरे सांगावे. एखादी वाट एखाद्याला झेपणारी नसेल, तर प्रेमाने तसे सांगणे हे "या, या, माउली सांभाळेल" म्हणण्यापेक्षा कितीतरी जास्त मायेचे. "माउली सांभाळेल" हे वाक्य आपण कधी म्हणतो, ते एकदा तपासून पाहावे. आपल्या हातून होण्यासारखे सगळे करून झाल्यावर म्हटले तर ती शरणागती. करण्यासारखे काही न करता म्हटले तर आपले काम माउलीच्या डोक्यावर टाकून मोकळे होणे. शब्द तेच, पण पहिल्यात देव मोठा होतो आणि दुसऱ्यात आपला आळस.

मायसाठी शेवटी वाट अशी ठरली: नगरधनचा किल्ला सगळ्यांनी सकाळी एकत्र पाहायचा, त्यांनी तिथून पहिल्या विसाव्यापर्यंत पायी यायचे, पुढे रामटेकपर्यंत ऑटोने, आणि अंबाळ्याच्या घाटावर शिदोरी सगळ्यांची एकत्र. टेकडी चढायची तर मंडळी दोन पाळ्यांत जातील, म्हणजे घाटावर एकटे कोणीच बसणार नाही. मनसर पुढच्या फेरीला. कोणी उपकार केल्याचा आव आणला नाही, कोणी उपकार घेतल्याचा भाव ठेवला नाही.

पण मागे राहतो तो एकटा चालणाराच नव्हे. आपण निघून गेल्यावर गावही मागे राहते.

नगरधन ते रामटेक चालताना दोन्ही बाजूंना धानाची शेते लागतात. कापणी झालेली असते, कुठे मळणी चाललेली असते. डांबरी रस्ता सोडून पांदणीने जावेसे वाटते, आणि ती वाट सुंदर असतेही. पण पांदण एक, आणि शेताचा धुरा दुसरा. धुऱ्यावरून पंचवीस माणसे गेली की तो खचतो, आणि पुढच्या पावसात बांधीतले पाणी तिथूनच फुटते. आपल्याला ते दिसत नाही, कारण तेव्हा आपण घरी असतो. म्हणून आखणीत हेही यावे: शेतातून जायचे तर धन्याला आधी विचारणे, विहिरीवर पाणी घ्यायचे तर हातपाय तिथे न धुणे, पत्रावळीचा चुरासुद्धा पिशवीत भरून परत आणणे. दुपारचा चहा आणि फोडणीचे पोहे गावातल्याच टपरीवर घ्यावेत, आदल्या दिवशी कळवून, म्हणजे त्या माउलीची धांदल होत नाही आणि चार पैसे गावात राहतात. वारीच्या वाटेवरची गावे वर्षानुवर्षे दिंड्यांना भाकर घालतात. ती भाकर ज्याने खाल्ली, त्याला दुसऱ्याच्या गावातून कसे चालावे हे वेगळे शिकवायला नको.

जुने स्थानही तसेच मागे राहते. मनसरच्या विटा पाहताना मला नेहमी एक विचार येतो. वीट ही आपल्या देवाची बैठक. पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर पांडुरंग उभा राहिला, आणि विटेला जे भाग्य मिळाले ते राजसिंहासनाला मिळाले नाही. मनसरच्या त्या विटा घडवणारे हात कोणाचे, ते कोणाच्याच नोंदीत नाही. राजाचे नाव ताम्रपटावर आले, वीट भाजणाऱ्याचे आले नाही. त्या विटेवर चढून फोटो काढला की ती झिजते, कोपरा निखळला की तो परत बसत नाही. आपल्यानंतर येणाऱ्या लेकराचा तो कोपरा आहे. तो अजून जन्मला नसेल, पण आपल्या दिंडीत तोही मागून चालतोच आहे.

इतके सगळे सांभाळायचे तर चालण्यातला आनंद उरतो कुठे, असे कोणी विचारील. अनुभव असा, की आनंद तेव्हाच मोकळा होतो. पाणी आहे का, मागचे आले का, परतीची गाडी मिळेल का, ही टोचणी मनात असेल तर ओठांवर हरिपाठ असूनही चित्त रस्त्यावर भटकते. ते आधीच ठरले असेल तर पाय आपोआप चालतात आणि मन नामापाशी राहते. आखणीचे खरे फळ हेच. चिंता वहीत लिहून ठेवली की चिंतनाला जागा होते.

आणि आखणी करूनही जे हुकते, ते हुकू द्यावे. अवकाळी पाऊस येतो, एसटी येत नाही, कोणाचा पाय मुरगळतो. तिथे मग खरोखर माउलीवर सोपवायचे, आणि ज्याचा पाय मुरगळला त्याला मध्ये घेऊन बसायचे.

आपल्याच जिल्ह्यातली धापेवाड्याची परंपरा या जागी आठवते. कळमेश्वर तालुक्यात, तिथल्या चंद्रभागेच्या काठी विठोबाचे मंदिर आहे, विदर्भाची पंढरी म्हणून लोक त्याला ओळखतात. पंढरीची वारी करणारे कोलबा स्वामी थकले, चालणे होईना, तेव्हा भक्तासाठी देवच धापेवाड्याला आला, असे तिथे भाविक सांगतात. आषाढी एकादशीनंतर तिथे यात्रा भरते आणि ज्यांना पंढरपूर गाठता आले नाही ते तिथे माथा टेकवतात. या कथेकडे नीट पाहावे. ज्याचे पाय थकले त्याला देव म्हणाला नाही की आता तुझी वारी संपली. त्याने आपलाच मुक्काम बदलला.

आपला देव तर मुळात वाट पाहणाराच देव. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता म्हणून तो विटेवर थांबला, कमरेवर हात ठेवून, न रागावता, आणि अजून थांबलेला आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर आपण मात्र मागच्याला टाकून पुढे पळालो, तर पोचून आपण त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे की आम्ही तुझे?

म्हणून येत्या माघात फेरी ठरवायला बसाल तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीवर ठिकाणाचे नाव लिहू नका. आपल्यात सर्वांत हळू कोण चालते, त्याचे नाव लिहा. त्याला किती चालवते ते त्यालाच विचारा. मग ठिकाण ठरवा, मग वेळ, मग वाट. नगरधन असो की धापेवाडा, त्या दिवशी जे पाहायला मिळेल ते सगळ्यांनी मिळून पाहिलेले असेल, आणि परतीच्या एसटीत जागा मिळेल तेव्हा पहिली कोणाला द्यायची हे कोणाला विचारावे लागणार नाही.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.